पाहुणा कलावंत आणि यजमान गाव

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम अंगाला, निगाता प्रांताच्या दक्षिण भागात, तोकामाची हे शहर आणि लगतची त्सुनान ही छोटी नगरपालिका मिळून सुमारे ७६० चौरस किलोमीटरांचा डोंगराळ पट्टा आहे. त्याला एचिगो-त्सुमारी म्हणतात. सैबेरियाकडून येणारे थंड वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प शोषून घेतात आणि डोंगरांना अडले की ते बर्फाच्या रूपाने इथे रिते करतात. त्यामुळे हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ साचणे या भागात नवलाचे समजले जात नाही. सपाट जमीन थोडी असल्याने इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या डोंगरउतार खणून पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे तयार केली आणि शेकडो वर्षे त्यांच्यावर गुजराण केली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हे गणित बिघडत गेले. कारखानदारीच्या भरभराटीच्या काळात तरुण मुले तोकियोकडे गेली, अरुंद खाचरांत मोठी यंत्रे चालेनात आणि १९७० पासून भाताचे उत्पादन जादा होऊ नये म्हणून सरकारनेच लागवड कमी करण्याचे धोरण राबवले. शतकाच्या अखेरीस गावांत उरले ते बहुतांश म्हातारे लोक, रिकामी घरे आणि विद्यार्थ्यांअभावी बंद पडणाऱ्या शाळा.

अशा ठिकाणी २००० साली जगातील एका मोठ्या समकालीन कला-प्रदर्शनाला सुरुवात झाली. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या अशा प्रदर्शनाला त्रैवार्षिकी म्हणतात. व्हेनिस किंवा साओ पाउलोच्या द्वैवार्षिकीप्रमाणेच देशोदेशीचे कलावंत त्यात बोलावले जातात. फरक असा की व्हेनिसमध्ये प्रेक्षक एका उद्यानातल्या दालनांतून दुसऱ्या दालनांत जातो, तर एचिगो-त्सुमारीत त्याला एका गावातून दुसऱ्या गावात, घाट ओलांडत, मोटारीने किंवा बसने जावे लागते. कलाकृती शेतात, देवराईसारख्या झाडीत, ओस पडलेल्या घरांत आणि शाळांत विखुरलेल्या असतात. एका दिवसात सगळे पाहून होत नाही आणि संयोजकांनी ते तसेच योजलेले आहे. वेळ वाचवणे हा शहराचा गुण मानला, तर इथे वेळ घालवायला लावणे हे प्रदर्शनाचे तंत्रच झाले.

या उपक्रमामागची मुख्य व्यक्ती म्हणजे त्याच निगाता प्रांतात १९४६ साली जन्मलेले क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची कल्पना आखून कलावंत आणि कलाकृतींची निवड करणारे योजक, फ्राम कितागावा. नव्वदच्या दशकात प्रांतिक सरकारला छोट्या नगरपालिकांचे एकत्रीकरण करायचे होते आणि त्यांच्यात काही सामाईक उद्योग निर्माण व्हावा म्हणून कलेची कल्पना पुढे आली. रस्ते, पूल आणि सभागृहे हाच विकास मानण्याची सवय असलेल्या स्थानिक प्रतिनिधींना ती मुळीच पटली नाही. शेतकऱ्यांचा पैसा परक्यांच्या अगम्य वस्तूंवर का उधळायचा, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, रास्तच होता. विरोधामुळे प्रदर्शन लांबणीवर पडले आणि गावोगाव बैठका घेत कितागावांना काही वर्षे घालवावी लागली. पहिल्या खेपेस भागातल्या सुमारे २०० गावांपैकी २८ गावेच सहभागी झाली. पुढच्या खेपांना हा आकडा वाढत गेला आणि पाचव्या त्रैवार्षिकीपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, तो शंभराच्या पुढे पोहोचला. शेजारच्या गावात काय घडले ते पाहून आपल्या गावाचे दार उघडणे, हा कोणत्याही खेड्याचा व्यवहारी रिवाज इथेही दिसला.

गावकऱ्यांचे मन कसे वळले हे समजण्यासाठी एकच कलाकृती जवळून पाहणे पुरेसे आहे. सोव्हिएत संघात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले इल्या काबाकोव्ह आणि त्यांच्या पत्नी एमिलिया यांनी मात्सुदाई येथे २००० साली ‘भातखाचरे’ ही कलाकृती केली. ती मांडणशिल्प या प्रकारातली आहे, म्हणजे सुटी मूर्ती किंवा चित्र नसून एखादी जागाच वस्तूंनी, आकृत्यांनी किंवा मजकुराने अशी बांधली जाते की प्रेक्षकाला ती सगळी एकत्र अनुभवावी लागते. नदीपलीकडच्या उतारावरच्या खाचरांत निळ्या आणि पिवळ्या रंगाच्या सपाट मानवाकृती उभ्या आहेत. कुणी नांगरतो आहे, कुणी रोप लावतो आहे, कुणी कापणी करतो आहे. अलीकडच्या काठावर, प्रेक्षक उभा राहतो तिथे, एका चौकटीत भातशेतीच्या कामांचे वर्णन करणारा मजकूर अधांतरी टांगलेला आहे. योग्य जागी उभे राहिले की अक्षरांच्या ओळी समोरच्या शेतातल्या आकृत्यांवर नेमक्या बसतात आणि सबंध डोंगरउतार उघड्या पुस्तकाच्या पानासारखा वाचता येतो. आकृत्यांच्या खाली मात्र खरे पाणी, खरा चिखल आणि खरे भात असते.

ते खाचर ज्या शेतकऱ्याचे होते त्याने आधी साफ नकार दिला होता. वाडवडिलांनी घाम गाळून केलेल्या जमिनीत कुणी परका पुतळे उभे करणार, हे त्याला मानवणारे नव्हते. शिवाय वयामुळे तो शेती सोडण्याच्या विचारात होता. काबाकोव्हांचे आराखडे पाहिल्यावर, त्यांनी चिखलणीपासून कापणीपर्यंतच्या कष्टांचा अभ्यास केला आहे हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने परवानगी दिली. एवढेच नव्हे, तर आणखी काही वर्षे त्याने ते खाचर कसलेही. त्याला ते झेपेनासे झाल्यावर संयोजक संस्थेने ती जबाबदारी घेतली. खाचर पडीक राहिले असते तर आकृत्या गवतात बुडाल्या असत्या आणि कलाकृतीला अर्थच उरला नसता. संग्रहालयात चित्राची देखभाल पडद्याआड चालते, इथे दरवर्षीची लावणी हीच देखभाल आहे. गावातल्या कलेबद्दल जे काही महत्त्वाचे सांगण्यासारखे आहे ते या एका गोष्टीत आले आहे. कलाकृती कलावंताच्या नावाने ओळखली जाते, पण ती टिकते कुणाच्या तरी रोजच्या श्रमावर. ते श्रम कुणाचे, त्यांचा मोबदला काय आणि त्यांची नोंद कुठे होते, यावरच असल्या उपक्रमाची पारख करायला हवी.

काबाकोव्हांप्रमाणे थोडे दिवस येऊन आराखडा देणे ही एक पद्धत झाली. दुसरी पद्धत रेसिडेन्सीची. कलावंताला ठरावीक काळासाठी राहायला जागा, कामाला जागा आणि बहुधा काही मानधन देऊन एखाद्या ठिकाणी मुक्काम करायला बोलावणे म्हणजे रेसिडेन्सी. शहरातल्या रेसिडेन्सीत कलावंताला बहुतेक वेळा निवांतपणा हवा असतो. खेड्यात त्याच्या वाट्याला निवांतपणा येत नाही, शेजार येतो. मात्सुनोयामा भागातल्या उरादा या वस्तीत २००९ साली एका जुन्या रिकाम्या घरात ‘ऑस्ट्रेलिया हाउस’ सुरू झाले आणि ऑस्ट्रेलियन कलावंत तिथे राहून काम करू लागले. मार्च २०११ मध्ये, पूर्व किनाऱ्यावरच्या महाभूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी या भागाला वेगळा धक्का बसला आणि ते घर कोसळले. बंद करायला यापेक्षा सबळ निमित्त मिळाले नसते, पण २०१२ साली अँड्र्यू बर्न्स या वास्तुरचनाकाराने आखलेली, त्रिकोणी आराखड्याची आणि बर्फाचा भार घसरून जाईल अशा उतरत्या छपराची नवी इमारत त्याच वस्तीत उभी राहिली. हाँगकाँगच्या कलावंतांसाठी असेच एक घर २०१८ पासून त्सुनानमध्ये आहे.

दीर्घ मुक्कामाने काय साधते याचा उत्तम नमुना म्हणजे मात्सुदाईजवळच्या तोगे या वस्तीतले ‘कात टाकणारे घर’. जुनइचि कुराकाके हे शिल्पकार आणि निहोन विद्यापीठाच्या शिल्पकला विभागातले विद्यार्थी यांनी दीडशेहून अधिक वर्षे जुने एक ओसाड शेतघर घेतले आणि २००६ च्या त्रैवार्षिकीपर्यंत त्याचा आतला प्रत्येक पृष्ठभाग पटाशीने कोरून काढला. खांब, तुळया, फळ्यांच्या भिंती, जमीन, वरची तक्तपोशी यांपैकी काहीही सुटले नाही. चुलीच्या धुराने काळे झालेले लाकूड वरवर तसेच राहिले आणि पटाशीच्या प्रत्येक घावाखालून फिकट, ताजे लाकूड वर आले, त्यामुळे संपूर्ण घर आतून पाण्यावरच्या लहरींनी व्यापल्यासारखे दिसते. घरात नवे काही आणून ठेवलेले नाही, होते त्यातलेच थोडे काढून टाकले आहे. पुढे तिथे मुक्कामाची सोय झाली, प्रेक्षक अनवाणी त्या कोरलेल्या जमिनीवरून चालतात आणि रात्री तिथेच झोपतात. मरिना अब्रामोविच यांनी उवायु वस्तीत २००० साली केलेले ‘स्वप्नघर’ अधिक गाजले, तिथे पाहुण्यांनी शवपेटीसारख्या खाटांवर झोपून सकाळी आपली स्वप्ने वहीत लिहायची असतात. मात्र विद्यार्थ्यांच्या हातची ती पटाशीची कारागिरी या नामवंत घरापेक्षा कांकणभर सरसच म्हणायला हवी.

बंद शाळांचा उपयोगही असाच झाला. हाचि वस्तीतली सानादा प्राथमिक शाळा २००५ साली बंद पडली तेव्हा पटावर तीन मुले उरली होती. चित्रपुस्तकांचे प्रसिद्ध चित्रकार सेइझो ताशिमा यांनी २००९ साली समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि रानातली फळे-बिया रंगवून त्या वर्गखोल्यांत त्या तीन मुलांची आणि शाळेतल्या भुताखेतांची एक गोष्ट उभी केली, तीही अशी की पानांऐवजी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात ती वाचावी. फ्रान्सचे ख्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांनी जाँ काल्मान यांच्यासह दुसऱ्या एका शाळेत मंद दिव्यांचे आणि पंख्यांचे ‘शेवटचा तास’ हे मांडणशिल्प केले. तिथली कलाकृती गंभीर आहे, पण गावातल्या माणसांना आपली मुले आठवतील अशी शाळा ताशिमांचीच आहे.

या सगळ्याला हात कुणाचे लागतात? सुरुवातीपासून शहरांतले तरुण स्वयंसेवक ‘कोहेबी-ताई’, म्हणजे छोट्या सापांची पलटण, या नावाने येतात. ते कलाकृती उभारतात, प्रदर्शनात पहारा देतात, गवत काढतात आणि हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढतात. २३ ऑक्टोबर २००४ च्या चुएत्सु भूकंपानंतर हेच लोक प्रदर्शन बाजूला ठेवून घरांची डागडुजी आणि सफाई करायला आले आणि जे गावकरी तोवर दुरून पाहत होते त्यांच्यातल्या अनेकांचा ग्रह त्यानंतर बदलला. त्या भूकंपानंतर ओस पडलेल्या एका गवती छपराच्या घराचे २००६ साली ‘उबुसुना हाउस’ झाले. जपानमधल्या नामांकित कुंभारांनी तिथली चूल, शेगडी, हात धुण्याचे कुंड आणि न्हाणीसुद्धा मातीची घडवली आणि वस्तीतल्या बायकांनी तिथे खाणावळ सुरू केली. कलाकृती पाहायला आलेला माणूस तिथे रानभाज्या आणि गावचा भात खाऊन पैसे देऊन जातो. प्रदर्शनाच्या संयोजनासाठी २००८ साली स्वतंत्र ना-नफा संस्था स्थापन झाली आणि ती पडीक होऊ घातलेली खाचरे कसण्याचेही काम करते. शहरातल्या माणसाने वार्षिक वर्गणी भरून एखाद्या खाचराचे पालकत्व घ्यायचे आणि हंगामाअखेर त्याला तांदूळ मिळायचा, अशी ही योजना आहे. २०१५ पासून तर महिलांचा एक फुटबॉल संघच या कामात आहे, त्यातल्या खेळाडू सराव सांभाळून खाचरांत राबतात.

पैशाच्या बाबतीत सुरुवातीला प्रांतिक सरकारचा भार मोठा होता. पुढे तिकिटे, देणग्या आणि प्रायोजक यांच्यावर विसंबावे लागले, त्यात उद्योगपती सोइचिरो फुकुताके यांचा आधार मोलाचा ठरला. याच फुकुताके आणि कितागावा यांनी २०१० पासून सेतोच्या आंतरसमुद्रातल्या बेटांवर दुसरी त्रैवार्षिकी सुरू केली. एचिगो-त्सुमारीला २००० साली दीड लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते, २०१८ साली ती संख्या पाच लाखांच्या वर गेली.

मात्र गाव वाचवले असे म्हणायचे असेल तर जनगणनेकडेही पाहिले पाहिजे. एकत्रीकरणानंतरच्या तोकामाची शहराची लोकसंख्या २००५ मध्ये सुमारे ६२ हजार होती, २०२० मध्ये ती ५० हजारांच्या जरा खाली आली. कलेने लोक पाहायला आले, राहायला फार थोडे आले. कितागावांच्या बाजूने असे म्हणता येईल की जन्मदर आणि रोजगार यांचा प्रश्न मांडणशिल्पांनी सोडवावा ही अपेक्षाच चुकीची आहे आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला उन्हाळाभर आपल्या गावाबद्दल कुणाला तरी सांगायला मिळणे हेही कमी नाही. त्याच वेळी जपानमध्येच या प्रकारच्या कलेवर कठोर टीकाही झाली आहे. नाओया फुजिता या समीक्षकाने २०१४ साली असा आक्षेप घेतला की गावोगावच्या या महोत्सवांत जुन्या बंडखोर कलेचे केवळ कलेवर उरले आहे आणि ते सरकारी विकासाच्या कामाला जुंपले गेले आहे. विनामोबदला राबणाऱ्या तरुणांच्या उत्साहावर चालणाऱ्या व्यवस्थेबद्दलचा प्रश्नही या टीकेतून पुढे आला. टीकेचा पहिला भाग काहीसा अतिरेकी वाटतो, दुसरा मात्र सहज झटकून टाकता येणार नाही.

महाराष्ट्राशी या डोंगराळ मुलखाचा संबंध त्रैवार्षिकीच्याही आधीपासून आहे. तोकामाची परिसरातल्याच एका बंद पडलेल्या शाळेत तोकियो हासेगावा यांनी १९८२ साली मिथिला म्युझियम स्थापन केले. भारतातल्या लोकचित्रकारांना तिथे बोलावून, महिनोन्‌महिने ठेवून चित्रे काढून घेतली जात. मिथिलेच्या गंगादेवी तिथे गेल्या, डहाणू भागातले वारली चित्रकारही गेले. त्या शाळेत बसून त्यांनी एरवी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायच्या आकृत्या मोठ्या फलकांवर उतरवल्या. जगाला वारली चित्रे ठाऊक झाली त्यात अशा मुक्कामांचा वाटा आहे. पण याच ठिकाणी जुलै २००१ मध्ये मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे थोर परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी आत्महत्या केली. पॅरिसच्या १९८९ च्या ‘मॅजिशियन्स ऑफ द अर्थ’ या प्रदर्शनात मांडले गेलेले, भोपाळच्या भारत भवनाने पुढे आणलेले हे चित्रकार तेव्हा चाळिशीच्याच घरात होते. त्यांच्या मृत्यूनंतर भारतीय कलाक्षेत्रात बोलावलेल्या लोककलावंताच्या कराराविषयी, मानधनाविषयी, मनाला वाटेल तेव्हा परत येण्याच्या मोकळिकीविषयी आणि भाषा न समजणाऱ्या मुलखातल्या एकटेपणाविषयी प्रश्न विचारले गेले. शहरी कलावंताची रेसिडेन्सी हा त्याने स्वतः मागितलेला मुक्काम असतो, त्यासाठी तो अर्ज करतो, अटी वाचतो. लोककलावंताच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसऱ्यानेच ठरवलेले असते.

उलट दिशेची वाहतूकही झाली. डहाणू तालुक्यातले कळंबीपाडा हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी घराच्या भिंतीवर लिहायचा देवचौक या विधीतून वारली चित्रकला आली. म्हसे यांनी ती विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर नेली. हे घडण्यात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने सत्तरच्या दशकात दिलेले प्रोत्साहन कारणीभूत होते. निसर्गात चालत जाऊन दगड-मातीच्या रेषा व वर्तुळे मांडणारे इंग्लंडचे रिचर्ड लाँग २००३ साली वारली मुलखात आले, तिथल्या मातीवर त्यांनी काम केले आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात लाँग व म्हसे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. त्याच तालुक्यातल्या गंजाडमध्ये जपानच्या ‘वॉल आर्ट प्रोजेक्ट’ या संस्थेने, बिहारमधल्या बोधगयेजवळच्या सुजाता गावात तीन वर्षे महोत्सव केल्यावर, २०१३ पासून शाळेच्या भिंतींवर चित्रांचा महोत्सव भरवला. जपानी आणि भारतीय कलावंत गावात मुक्कामाला राहिले आणि गावातले वारली चित्रकार त्यांच्याबरोबरीने काम करू लागले. त्यांपैकी मयूर आणि तुषार वायेडा या भावांची चित्रे पुढे जपानमध्ये आणि ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिकीत त्यांच्या नावाने मांडली गेली. दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल याच गंजाडमध्ये २०१३ साली राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या आणि गिल यांच्या छायाचित्रांवर वांगड यांनी काळ्या शाईने चित्रे काढून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका तयार झाली. छायाचित्रात डोंगर दिसतो आणि त्या डोंगरावर काय घडले ते वांगड रेखाटतात, जंगलतोड, धरणे, जुन्या दंतकथा. मालिकेवर दोघांचीही नावे आहेत.

मुंबईत शिकलेल्या आणि दीर्घकाळ काम केलेल्या कलावंत नवज्योत अल्ताफ यांचा बस्तरमधल्या कोंडागावचा अनुभव याच दिशेने पुढे जातो. १९९७ पासून तिथल्या आदिवासी शिल्पकारांबरोबर काम करताना त्यांनी व राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेसूराम यांनी ‘नलपार’ नावाने हातपंपांभोवतीचे चौथरे बांधले. पाण्याची भरलेली घागर एकदम जमिनीवरून डोक्यावर घेताना बायकांच्या कंबरेला हिसका बसतो, म्हणून मधल्या उंचीवर घागर टेकवता येईल असे टप्पे त्या चौथऱ्यांत शिल्पासारखे घडवले आहेत. कलादालनात ठेवता येईल असे त्यात काही नाही, पण ते वापरात आहेत की नाहीत हे गावातली कोणतीही बाई सांगू शकते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात आता गावोगाव अशा उपक्रमांची बोलणी होतात. ग्रामसभा त्यासाठी कलेची जाणकार असण्याची गरज नाही. मुक्काम किती दिवसांचा, कलाकृती किती वर्षे राहणार, पावसाळ्यानंतर ती दुरुस्त कोण करणार, ती नको झाली तर काढण्याचा खर्च कुणाचा, गावातल्या माणसाने केलेल्या कामाला मजुरी म्हणायचे की मानधन, आणि छायाचित्रे व विक्रीतून येणाऱ्या पैशात त्याचे नाव व वाटा काय, एवढ्या गोष्टी आधी लेखी मागाव्यात आणि ज्या संयोजकाला त्या सांगता येणार नाहीत त्याला नम्रपणे परत पाठवावे.